'लास्ट' कमांडच्या लॉगिन यादीत नोंद नाही, तरी सर्व्हरवर कोणीतरी येऊन गेलंय. रिमोट लॉगिनचा माग कसा ठेवायचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

तीन मशीन आहेत: एक डेबियन १२, एक अल्मालिनक्स ९ (दोन्ही लिनक्स) आणि एक जुनं एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स). तिन्हींवर बाहेरून फक्त एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन) येणं-जाणं होतं. डेबियन आणि अल्मावर आमची टीम आणि व्हेंडरची माणसं 'डिप्लॉय' हे एकच खातं वापरतात, पण प्रत्येकाची की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) वेगळी आहे. ऑडिटरने विचारलंय की गेल्या १८० दिवसांत कोण, कुठून, किती वाजता आलं, कधी बाहेर पडलं आणि आत काय केलं ते दाखवा.

अडचणी अशा:

१. अल्मावर 'लास्ट' चालवलं तर चालू महिन्याचंच दिसतं.

२. डेबियनवर काही कॉन्फिग फाइली रात्री २ ते ३ च्या दरम्यान बदललेल्या दिसतात. त्या वेळात 'लास्ट'मध्ये कोणाचंच नाव नाही. 'लास्ट' जिच्यातून वाचते त्या डब्ल्यूटीएमपी फाइलीत कोणी खाडाखोड केली असेल का?

३. डेबियनवर /व्हार/लॉग/ऑथ.लॉग ही लॉगिनच्या नोंदींची फाइलच नाही.

४. कॉमन खातं असल्यामुळे नाव दिसलं तरी माणूस कळत नाही.

कुठून सुरुवात करू?

---

रात्रपाळी

खाडाखोडीचा संशय सगळ्यात शेवटी घ्या. साधं कारण आधी तपासा.

'लास्ट' फक्त डब्ल्यूटीएमपी वाचते, आणि एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएचची जोडणी घेणारा प्रोग्रॅम) त्या फाइलीत नोंद तेव्हाच करतो जेव्हा येणाऱ्याला टर्मिनल दिलं जातं. एससीपी, एसएफटीपी, आरसिंक (तिन्ही फाइली पाठवायच्या पद्धती), गिट पुश, एसएसएचच्या ओळीतच पुढे कमांड लिहून ती चालवणं, नुसतं पोर्ट फॉरवर्डिंग, यांतल्या कशालाच टर्मिनल लागत नाही. म्हणजे माणूस आत येतो, फाइल ठेवतो, जातो, आणि 'लास्ट', 'हू', 'डब्ल्यू' यांना त्याचा पत्ताही लागत नाही. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे. 'लास्ट' म्हणजे टर्मिनल कोणाला मिळालं त्याची यादी. आत येणाऱ्या प्रत्येकाची यादी ती कधीच नव्हती.

येणाऱ्याची खरी नोंद एसएसएचडीच्या स्वतःच्या लॉगमध्ये असते. अल्मावर ती /व्हार/लॉग/सिक्युअरमध्ये मिळेल. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉगच्या ओळी फाइलींत लिहिणारा प्रोग्रॅम) मुळात बसवलेलाच येत नाही, म्हणून ऑथ.लॉग नाही. तिथे जर्नल (सिस्टिमचा स्वतःचा लॉग) जर्नलसीटीएलने वाचा. युनिटचं (म्हणजे सेवेचं) नाव डेबियनवर 'एसएसएच' आहे आणि अल्मावर 'एसएसएचडी'. चुकीचं नाव दिलं तर रिकामं उत्तर येतं आणि लोक समजतात की लॉगच नाही.

शोधायची ओळ 'अ‍ॅक्सेप्टेड' शब्दाने सुरू होते. तिच्यात पद्धत (पासवर्ड की पब्लिक की), खात्याचं नाव, आयपी, पोर्ट आणि कीचा फिंगरप्रिंट (तिची ओळखखूण) असतो. तिच्यानंतर पॅमची (लॉगिन तपासणारी यंत्रणा) 'सेशन ओपन्ड' आणि शेवटी 'सेशन क्लोज्ड' ही ओळ. या तिन्हींत चौकटी कंसातला प्रोसेस क्रमांक सारखा असतो, त्यावरून आल्या-गेल्याची जोडी लावा. 'डिसकनेक्टेड' ही ओळ मात्र दुसऱ्या, कमी अधिकाराच्या प्रोसेसकडून येते. तिचा क्रमांक वेगळा असतो, म्हणून ती आयपी आणि पोर्टवरून जुळवावी लागते.

आता तुमची रात्री २ ची वेळ. आरसिंक 'ए' फ्लॅगने किंवा एससीपी छोट्या 'पी' फ्लॅगने केलं असेल तर फाइलीची मॉडिफाय वेळ मूळ मशीनवरून जशीच्या तशी येते. व्हेंडरने त्याच्या लॅपटॉपवर रात्री २ ला फाइल बदलली आणि सकाळी ११ ला तुमच्याकडे टाकली, तरी यादीत २ च दिसणार. 'स्टॅट' कमांड चालवून 'चेंज' ही ओळ बघा. ती वेळ तुमच्या मशीनच्या कर्नलने लावलेली असते, बाहेरून पाठवता येत नाही. त्या वेळेच्या आसपासची 'अ‍ॅक्सेप्टेड' ओळ शोधा. नंतर कोणी परवानग्या बदलल्या असतील तर ही वेळही पुढे सरकते, एवढं लक्षात ठेवा.

आणि मशीन यूटीसीवर आहे का तेही बघून घ्या. यूटीसीचे रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात.

आत्ता या क्षणी कोण आहे हे बघायला 'हू'वर थांबू नका. 'लॉगिनसीटीएल'ची सेशन यादी टर्मिनल नसलेली सेशन्सही दाखवते, कारण तिची नोंद पॅममधून होते. 'एसएस' कमांडने पोर्ट २२ वरची चालू जोडणी बघितली की दोन्ही याद्या ताडून पाहता येतात.

---

सह्यकडा

चौथ्या प्रश्नाबद्दल. प्रत्येकाची की वेगळी आहे ना, मग अर्धं काम झालेलंच आहे. 'अ‍ॅक्सेप्टेड' ओळीच्या शेवटी 'एसएचए२५६:' पुढे जी अक्षरं असतात तो त्या कीचा फिंगरप्रिंट. 'एसएसएच-कीजेन'ला छोटा 'एल' आणि 'एफ' फ्लॅग देऊन ऑथराइज्ड_कीज (खात्यावर चालणाऱ्या कींची) फाइल दिली की त्यातल्या प्रत्येक कीचा फिंगरप्रिंट आणि शेजारची कॉमेंट छापून येते. ही यादी काढून तारखेसह जपून ठेवा, आणि की घातली-काढली की नवी यादी काढा. सहा महिन्यांनी लॉग वाचताना त्या वेळची यादी हाताशी नसेल तर फिंगरप्रिंट नुसता बघत बसावा लागतो.

कॉमेंटवर विसंबू नका, ती कोणीही काहीही लिहू शकतो. कोणती की कोणाची याची नोंद फाइलीबाहेर, की घेताना सही-तारखेसह करा.

ऑथराइज्ड_कीज२ नावाची दुसरी फाइलही बघा. एसएसएचडी डीफॉल्टने दोन्ही फाइली वाचतो. गुपचूप घातलेली की त्या दुसऱ्या फाइलीतही असू शकते, कारण तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. 'ऑथराइज्डकीजफाइल' या सेटिंगमध्ये एकच नाव ठेवून ही वाट बंद करा.

'लॉगलेव्हल' व्हर्बोज करा. डीफॉल्ट पातळीवर चालून गेलेली की दिसते, पण खऱ्या खात्यावर नाकारलेल्या कीच्या पहिल्या काही ओळी लॉगमध्ये येत नाहीत. 'मॅक्सऑथट्राइज' डीफॉल्टने ६ असतं आणि त्याच्या निम्म्यापर्यंत अपयश गेलं की मगच पुढच्या ओळी लिहिल्या जातात. काढून टाकलेल्या माणसाची जुनी की अजून दार ठोठावते आहे का, हे व्हर्बोजशिवाय कळत नाही.

सेटिंग बदलताना एक खड्डा आहे. डेबियन १२ आणि अल्मा ९ दोन्हींत मुख्य फाइलीच्या सुरुवातीलाच एसएसएचडी_कॉन्फिग.डी या डिरेक्टरीतल्या फाइली ओढल्या जातात, आणि एसएसएचडी एखाद्या सेटिंगची पहिली किंमत धरतो, शेवटची नाही. मुख्य फाइलीत खाली बदल केला आणि आधीच्या फाइलीत तीच सेटिंग असली तर तुमचा बदल वाया जातो. म्हणून 'एसएसएचडी'ला मोठा 'टी' देऊन प्रत्यक्षात काय लागू आहे ते छापून बघा. रीलोडच्या आधी छोटा 'टी' देऊन फाइल तपासा, आणि दुसरं सेशन उघडं ठेवूनच रीलोड करा.

माझं स्पष्ट मत: व्हेंडरसाठी कायमची की ठेवूच नका. एसएसएचची सर्टिफिकेट पद्धत वापरा. 'एसएसएच-कीजेन'ने सही करताना मोठ्या 'आय' फ्लॅगने माणसाची ओळख घाला आणि मोठ्या 'व्ही'ने मुदत, समजा एक दिवस. मग लॉगच्या त्याच ओळीत 'आयडी' शब्दापुढे माणसाचं नाव आणि सर्टिफिकेटचा अनुक्रमांक थेट येतो. खातं 'डिप्लॉय'च राहिलं तरी चालतं. फिंगरप्रिंटची वही सांभाळायची गरजच उरत नाही, आणि मुदत संपली की दार आपोआप बंद.

जंप होस्ट, म्हणजे आतल्या सर्व्हरकडे जायचं पायरीचं मशीन, मधे असेल तर आणखी एक गोष्ट. मोठ्या 'जे' फ्लॅगने कोणी त्यातून पुढे गेलं तर आतल्या सर्व्हरवर आयपी जंप होस्टचा दिसतो, आणि जंप होस्टवर टर्मिनल घेतलेलंच नसल्यामुळे तिथल्या 'लास्ट'मध्ये काहीच नसतं. दोन्हींकडचे एसएसएचडी लॉग वेळेनुसार शेजारी ठेवले तरच मूळ आयपी मिळतो. त्यासाठी दोन्ही घड्याळं सेकंदाला जुळलेली हवीत.

---

एक_पायरी

१८० दिवसांचं बोलतो, कारण बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं.

अल्मावर लॉगरोटेटमध्ये (जुनी लॉग फाइल बाजूला काढून नवी सुरू करणारा, म्हणजे ती 'फिरवणारा' प्रोग्रॅम) डब्ल्यूटीएमपीला मंथली, मिनसाइज १एम आणि रोटेट १ असं लावलेलं असतं. म्हणजे महिना उलटला आणि फाइल १ एमबीच्या वर गेली की फिरते, आणि जुनी एकच प्रत उरते. एक नोंद ३८४ बाइटची, येणं आणि जाणं मिळून दोन नोंदी, म्हणजे साधारण १३०० ते १४०० लॉगिनला १ एमबी भरतो. शांत सर्व्हरवर ती वर्षभर फिरत नाही, गजबजलेल्यावर दर महिन्याला फिरते. मागची प्रत त्याच डिरेक्टरीत तारीख जोडलेल्या नावाने असेल. 'लास्ट'ला छोटा 'एफ' आणि ते नाव द्या. मोठा 'एफ' दिला की वर्षासकट पूर्ण तारीख छापली जाते, तो नेहमी द्याच.

सिक्युअर फाइल आठवड्याला फिरते आणि ४ प्रती राहतात. म्हणजे जेमतेम महिनाभराचं हाताशी. त्याआधीचं मशीनवर नाही. /व्हार/लॉगचा बॅकअप होत असेल तर तिथून मिळेल, नाहीतर ऑडिटरला तसं लेखी सांगून पुढचं बसवा. पुढच्यासाठी सिक्युअरला रोटेट २७ करा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, वर एक आठवड्याची सवड. डब्ल्यूटीएमपीला ७ पुरे.

डेबियनवर जर्नलची मर्यादा डीफॉल्टने दिवसांची नाही, जागेची आहे: त्या फाइल सिस्टिमच्या १० टक्के, फार तर ४ जीबी. जागा भरली की जुनं जातं, मग ते १८० दिवसांचं असो वा १८. जर्नलडी.कॉन्फमध्ये 'सिस्टिममॅक्सयूज' वाढवा आणि सगळ्यात जुनी नोंद कधीची आहे ते महिन्याला तपासा. /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरीच नसेल तर डीफॉल्टने जर्नल /रनमध्ये, म्हणजे मेमरीत राहतं आणि रीबूटला पुसलं जातं.

पण खरं उत्तर हे की लॉग त्याच मशीनवर ठेवून भागत नाही. ज्याच्याकडे रूट आहे त्याला डब्ल्यूटीएमपी बदलणं अवघड नाही. 'यूटीएमपीडंप' फाइलीचा मजकूर करून देते आणि 'आर' फ्लॅगने मजकुराची परत फाइलही करून देते. म्हणून वेगळ्या लॉग सर्व्हरवर पाठवा, ज्याच्यावर डिप्लॉय टीमचं लॉगिन नसेल. आरसिसलॉगमध्ये 'ऑथप्रिव्ह.*' पुढे एक '@' म्हणजे यूडीपी, दोन म्हणजे टीसीपी. यूडीपी वापरू नका, वाटेत पाकीट पडलं तर कोणालाच कळत नाही. टीसीपी घ्या, डिस्कवर रांग लावायची सेटिंग घाला आणि पुन्हा प्रयत्नांची संख्या उणे १ ठेवा. नाहीतर लॉग सर्व्हर बंद असताना आलेल्या ओळी हरवतात. नेटवर्क आपल्या ताब्यात नसेल तर टीएलएस लावून ६५१४ पोर्ट.

भारतात हा फक्त ऑडिटरचा हट्ट नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळ्या सिस्टिमचे लॉग सलग १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत, अनधिकृत प्रवेशासारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी (किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी) मिळवायची आहेत. क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम लावा आणि 'क्रोनीसी ट्रॅकिंग'ने फरक किती आहे तो बघा.

---

गोदाकाठ

मनापासून धन्यवाद. 'स्टॅट'मध्ये चेंजची वेळ सकाळी १०:४२ निघाली, आणि जर्नलमध्ये १०:४१ ला 'अ‍ॅक्सेप्टेड पब्लिककी' आहे. फिंगरप्रिंट व्हेंडरच्या एका कीशी जुळतो.

आता "आत काय केलं" हा भाग. बॅश हिस्टरी (शेलने ठेवलेली टाइप केलेल्या कमांडची यादी) दाखवली तर चालेल का? आणि टीममधून सूचना आली आहे की /इटीसी/प्रोफाइलमध्ये मेल पाठवणारी ओळ टाकावी, म्हणजे कोणी आलं की लगेच कळेल.

---

रात्रपाळी

दोन्ही नको.

हिस्टरी फाइल त्या खात्याच्या मालकीची असते, कोणीही बदलू शकतो. सेशन नीट बंद झालं तरच लिहिली जाते, आणि कमांडच्या आधी एक मोकळी जागा सोडली तर अनेक ठिकाणी नोंदच होत नाही. शिवाय कॉमन खात्यात सगळ्यांची एकच फाइल.

/इटीसी/प्रोफाइल फक्त लॉगिन शेल वाचतो. एसएफटीपी, आरसिंक, एससीपी तिथे पोचतच नाहीत, म्हणजे तुमच्या व्हेंडरचा सकाळचा फेरा याही सापळ्यात आला नसता. लगेच सूचना हवी असेल तर /इटीसी/पॅम.डी/एसएसएचडी मध्ये 'सेशन ऑप्शनल पॅम_एक्झेक' लावा. स्क्रिप्टला पॅम_यूजर, पॅम_आरहोस्ट आणि पॅम_टाइप ही व्हेरिएबल मिळतात, टाइपवरून उघडणं आणि मिटणं वेगळं ओळखता येतं. 'ऑप्शनल'च्या जागी 'रिक्वायर्ड' लिहू नका. स्क्रिप्टमध्ये एक चूक झाली तर तुम्हीसुद्धा बाहेर. आणि मेल किंवा वेब कॉल पार्श्वभूमीला सोडा, मुदत ५ सेकंद. नाहीतर मेल सर्व्हर अडकला की लॉगिनही अडकतं.

एसएफटीपीने कोणती फाइल आली-गेली ते हवं असेल तर 'सबसिस्टिम एसएफटीपी'च्या ओळीत 'इंटर्नल-एसएफटीपी'पुढे छोटा 'एल' फ्लॅग देऊन इन्फो, आणि छोटा 'एफ' देऊन ऑथप्रिव्ह लिहा. मग प्रत्येक फाइल उघडल्या-मिटल्याची ओळ, किती बाइट वाचल्या आणि लिहिल्या त्यासह, त्याच लॉगमध्ये येते. ओपनएसएसएच ९.० (२०२२) पासून एससीपीसुद्धा आतून एसएफटीपीच वापरतं, त्यामुळे नव्या क्लायंटची एससीपीही यात सापडते. आरसिंक मात्र नाही.

---

सह्यकडा

आत काय केलं याला उत्तर ऑडिटडी, म्हणजे कर्नलकडून येणाऱ्या घटनांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. अल्मावर असतोच, डेबियनवर बसवावा लागतो. याचं मोल 'एयूआयडी' या एका आकड्यात आहे. लॉगिनच्या क्षणी पॅम_लॉगिनयूआयडी तो लावतो आणि नंतर 'एसयू' करा, 'सुडो' करा, रूट व्हा, तो बदलत नाही. म्हणून रूटने चालवलेल्या कमांडमागे मूळ खातं कोणतं ते कळतं. खातं कॉमन असेल तर एयूआयडीही सगळ्यांचा एकच. तिथे सेशन क्रमांक (एसइएस) उपयोगी पडतो: त्या सेशनच्या लॉगिन नोंदीतला प्रोसेस क्रमांक आणि वेळ एसएसएचडी लॉगमधल्या फिंगरप्रिंटच्या ओळीला जोडा. खटाटोप आहे, म्हणून शक्य तिथे माणशी एक खातं आणि पुढे सुडो हेच बरं.

नियम /इटीसी/ऑडिट/रूल्स.डी मध्ये: 'एक्झेकव्हीई' (नवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या) कॉलवर, आर्किटेक्चर बी६४ आणि बी३२ दोन्हींसाठी वेगळी ओळ, एयूआयडी १००० किंवा जास्त, आणि एयूआयडी 'अनसेट' नसलेला. 'अनसेट' म्हणजे ४२९४९६७२९५ हा आकडा. ही अट विसरली तर तोही १००० पेक्षा मोठाच, त्यामुळे सगळ्या डीमनच्या (पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोंदी ओतल्या जातात. 'ऑजेनरूल्स'ने नियम चढवा. अल्मावर डीमन रीस्टार्ट करायला 'सिस्टिमसीटीएल' नकार देईल. तिथे जुनी 'सर्व्हिस' कमांडच वापरायची.

कुठे फसतं:

शेलच्या अंगच्या कमांड यात येत नाहीत. 'एको' करून फाइलीत ओतलं तर नवा प्रोग्रॅम सुरूच होत नाही, मग नोंद कसली. महत्त्वाच्या कॉन्फिग डिरेक्टरीवर वेगळा पहारा लावा, लिहिणं आणि परवानग्या बदलणं या दोन्हींसाठी. तुमच्या प्रकरणात हाच नियम सगळ्यात कामाचा ठरेल, कारण फाइल आरसिंकने आली असो की एडिटरने बदलली असो, नोंद होते.

ऑडिट लॉग नेहमी ८ एमबीच्या ५ फाइली इतकाच ठेवलेला असतो. एक्झेकव्हीईचा नियम लावल्यावर हे ४० एमबी एखाद्या बिल्डमध्ये संपतात. आधी जागा वाढवा, मग नियम लावा.

कमांडच्या ओळीत पासवर्ड लिहायची सवय असेल तर तो पासवर्ड ऑडिट लॉगमध्ये उघडा पडतो. लॉग सर्व्हरवर पाठवण्याआधी ती सवय मोडा.

क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामंही खात्याच्या एयूआयडीनेच दिसतात. टर्मिनलच्या जागी 'क्रॉन' आहे का ते बघा, उगाच कोणावर आळ नको.

वाचताना 'ए-यू-सर्च'ला छोटा 'आय' फ्लॅग द्या, नाहीतर आकडे आणि हेक्सच दिसतील. लॉगिनचा गोषवारा 'ए-यू-रिपोर्ट'ला छोटा 'एल' दिल्यावर मिळतो.

---

जुनंलोखंड

एआयएक्सचं कोणी बोललं नाही म्हणून.

फसलेली लॉगिन /इटीसी/सिक्युरिटी/फेल्डलॉगिनमध्ये जातात. ती बायनरी फाइल आहे, 'हू' कमांडला तिचं नाव दिलं की वाचता येते. यशस्वी लॉगिन /व्हार/एडीएम/डब्ल्यूटीएमपीमध्ये. दोन्ही फाइली आपोआप फिरत नाहीत, वाढतच जातात. छाटायच्या असतील तर 'एफडब्ल्यूटीएमपी'ने मजकूर करून घ्या, हवा तो भाग ठेवा आणि 'आयसी' फ्लॅगने परत बायनरी करा. डीलीट करू नका.

एसएसएचडीच्या ओळींसाठी सिसलॉग.कॉन्फमध्ये 'ऑथ.इन्फो' आणि फाइलीचं नाव लिहावं लागतं. ती फाइल आधी 'टच'ने तयार करा आणि मग 'रीफ्रेश' करून सिसलॉगडी ताजा करा. फाइल नसेल तर तो स्वतः बनवत नाही, ओळी कुठेच जात नाहीत. बरीच एआयएक्स मशीनं याच एका कारणाने कोरी असतात. लॉग सर्व्हरवर पाठवायला त्याच ओळीत '@' आणि होस्टचं नाव, पण तिथे यूडीपीच मिळतो.

---

गोदाकाठ

एक शेवटचं. अल्मावर 'लास्ट'मध्ये काही ओळींपुढे 'गॉन - नो लॉगआउट' येतं. हे कोणी लपून राहिलंय का? आणि डेबियन १३ ला गेलो तर यातलं काय बदलेल?

---

एक_पायरी

लपून कोणी नाही. त्या लॉगिनची प्रोसेस आता जिवंत नाही आणि बाहेर पडल्याची नोंदही नाही, एवढाच अर्थ. प्रोसेस बळाने मारली की असं होतं. बाहेर पडल्याची वेळ सिक्युअरमधल्या 'सेशन क्लोज्ड'वरून घ्या. तीही नसेल तर अहवालात अज्ञात लिहा, अंदाजाने भरू नका. 'क्रॅश' लिहिलेलं असेल तर मशीनच अचानक बंद पडलं होतं.

डेबियन १३ मध्ये 'लास्ट', 'लास्टबी' आणि 'लास्टलॉग' या तिन्ही कमांड काढल्या आहेत. त्या फाइलींत वेळ ३२ बिटांत ठेवतात आणि ती १९ जानेवारी २०३८ ला संपते. 'लास्ट'च्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी आणि लिबपॅम-डब्ल्यूटीएमपीडीबी, 'लास्टलॉग'च्या जागी लास्टलॉग२ आणि लिबपॅम-लास्टलॉग२ ही पॅकेजं स्वतः बसवावी लागतात. नुसती कमांड बसवून पॅमचा भाग विसरलात तर यादी कायम रिकामी राहील.

शिवाय ओपनएसएसएच ९.८ पासून जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम वेगळा झाला आहे, आणि डेबियन १३ मध्ये त्याच्याही पुढची आवृत्ती आहे. तिथे लॉगच्या ओळी 'एसएसएचडी-सेशन' या नावाने येतात. ओळीतल्या 'एसएसएचडी' नावावर चाळणी लावणाऱ्या स्क्रिप्ट आणि फेल२बॅनचे (फसलेल्या लॉगिनवरून आयपी अडवणारा प्रोग्रॅम) स्वतः लिहिलेले फिल्टर अपग्रेडच्या आधी तपासा. युनिटच्या नावाने जर्नल वाचत असाल तर काही बदलायला नको.